करीमभाईनं सांगितलेली हॉटेलं

मी नागपुरात राहायला आले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गावाकडून कोणी आलं, की हातपाय धुऊन बसल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आत्या, इथी चांगलं खायाले कुठी भेटते?" पूर्वी मी चवीनं सांगत बसायची. डोसा कुठला, सावजीचं मटण कुणाकडचं, संत्र्याची बर्फी घ्यायची तर कोणत्या गल्लीत शिरायचं. आता भाचे-पुतणे खिशातून फोन काढतात आणि मलाच वाचून दाखवतात. मी मान हलवते. शिक्षकी पेशात जन्म गेला, तेव्हा दुसऱ्यानं शिकवलेलं ऐकून घ्यायची सवय नाही. पण म्हातारपणी ती लावून घेतली आहे. त्यांना सांगत नाही ते एवढंच, की यातली बरीचशी ठिकाणं मी नववीत असताना एकाच दिवसात पाहिली होती, आणि त्या दिवशी एकाही पदार्थाची चव मला कळली नव्हती.

बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. ब्रह्मपुरीपासून थोडं बाहेर, रस्त्याला लागून डेपो, आणि डेपोला लागून आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. जंगलातून सागाची, बिजाची, ऐनाची लाकडं ट्रकांनी यायची. बाबा प्रत्येक लाकडाची लांबी-गोलाई मोजून रजिस्टरात लिहायचे, मग त्यावर हातोड्यानं शिक्का बसायचा. तो ठक्क आवाज आमच्या घराचं घड्याळ होतं. हातोडा सुरू झाला की आई भाताचं आधण ठेवायची आणि थांबला की ताटं घ्यायची. लाकडं उतरताना एकमेकांवर आदळली की चुलीवरचं झाकण थरथरायचं. दिवसभर घरात सागाच्या सालीचा तुरट वास भरून असायचा. आजही सुताराच्या दुकानावरून जाताना मला भूक लागते.

आसपास खायला-प्यायला काही नव्हतं. त्यामुळे नागपूरहून लाकूड भरायला येणारे ड्रायव्हर आमच्याच ओट्यावर जेवायचे. त्यात करीमभाई ठरलेला. गाडी भरून होईस्तोवर दिवस जायचा, आणि हा माणूस तो सगळा दिवस बोलून काढायचा. आईनं वाढलेला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी तो आडवा हात मारून खायचा, आणि खाताखाता नागपूरच्या हॉटेलांचं वर्णन करायचा. एकाच्या ओट्यावर जेवताना दुसऱ्याच्या जेवणाची तारीफ करणारा असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आईला त्याचा राग येत नसे. ती दाराच्या आत बसून तांदूळ निवडत ऐकायची आणि मधेच शंका विचारायची.

"भाभी, वो डोसा न, थाली के बाहर जाता. दोनो बाजू से."

"मंग खाली सांडत नाई काय?"

"और सदर में एक बार है. दिन को बी अंधेरा. छोटी छोटी लाल बत्ती. सामने कौन बैठा, शकल बी नहीं दिखती. और मच्छी तो वहाँ की, क्या बोलू."

आई निवडायची थांबली. "अंधारात मच्छीचा काटा कसा दिसते, करीमभाऊ?"

करीमभाईनं बाकी सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली, याला दिलं नाही. आईच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. नंतर घरी मासे केले की ती म्हणायची, "नागपूरच्या बारात खाऊन पाहा लागते एकदा." बाबा हसायचे नाहीत. पंचशील पाळणारा माणूस, दारूचं नाव घरात निघालेलं त्यांना खपत नसे. पण मुळात ते कोणत्याच हॉटेलात जात नसत. बार दूर राहिला, चहाच्या टपरीवरही नाही. कुठंही निघाले की डबा बरोबर. आम्ही दीक्षाभूमीवर जायचो तेव्हाही घरचा डबा, घरचं पाणी, आणि झाडाखाली बसून जेवण. मला वाटायचं चिकटपणा आहे. खरं कारण आईनं मला एकदा विहिरीवर सांगितलं. बाबांच्या लहानपणी त्यांच्या गावातल्या चहाच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप वेगळे असत. मागच्या बाजूला खुंटीला टांगलेले. चहा पिऊन झाला की कप आपणच धुवायचा आणि पुन्हा खुंटीला लावायचा. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला त्यानंतर बाबांनी त्या हॉटेलचा उंबरा ओलांडला नाही, आणि मग कुठल्याच हॉटेलचा नाही. याबद्दल ते आमच्याशी एक शब्द कधी बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात आईच्या मानेपाशी गाठ आली. आधी बोराएवढी होती, मग सुपारीएवढी झाली. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा औषध दिलं आणि तिसऱ्यांदा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बाबा आईला घेऊन गेले, तिथं गाठीचा तुकडा काढून घेतला, आणि आठ दिवसांनी रिपोर्ट न्यायला या म्हणून सांगितलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पाणी झालं हाये गाठीत. बाकी काई नाई." आईनं मानेला फडकं गुंडाळलं आणि ती धान वाळवायला गेली. नवा तांदूळ नुकताच घरात आला होता, तिला बसायला वेळ नव्हता.

दोन दिवसांनी करीमभाईची गाडी लागली. मी लाकडांच्या थप्पीमागे बोरं वेचत होते. पलीकडून बाबांचा आवाज आला. ते करीमभाईला विचारत होते, "त्या डोशाच्या हॉटेलात बायका बसतेत काय?" करीमभाई आधी मोठ्यानं हसला. "साहब, आप? होटल में?" मग बाबा हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरले शंका हाये. वाईट गाठ असन म्हणते. तिले सांगतलं नाई म्या." पुढं हातोडा सुरू झाला आणि मला काही ऐकू आलं नाही. करीमभाई मात्र त्या दिवशी जेवला नाही. पोट बिघडलं आहे म्हणाला.

मी हे कोणालाच सांगितलं नाही. पुढचे दिवस आईच्या मागंमागं फिरत राहिले. ती वैतागून म्हणाली, "काऊन वं, शेपटावानी मांगं लागून राह्यलीस?" मी म्हटलं, मलेही नागपूरले न्या. बाबा लगेच हो म्हणाले. शाळा बुडवायला बाबांनी हो म्हणणं, हे आईला तेव्हाच खटकायला हवं होतं. कदाचित खटकलंही असेल.

निघायच्या दिवशी पहाटे आईनं नेहमीप्रमाणे डबा केला. बाबा बूट घालत होते. म्हणाले, "आज डबा नको." आईच्या हातातला झारा तसाच राहिला.

"मंग जेवान कुठी?"

"पाहू तिथी. तुले करीमभाईचे हॉटेलं पाहाचे होते नं?"

आईनं झाकण लावलं, डबा फडक्यात बांधला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. एसटीत नागभीड गेलं, भिवापूर गेलं, उमरेड गेलं. ती खिडकीतून कापलेली धानाची शेतं पाहत होती, आणि बाबा डेपोच्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलेला कागद पुन्हा पुन्हा काढून वाचत होते. लाकडांची मापं लिहायच्या त्यांच्या सुबक अक्षरात पाच ठिकाणं लिहिली होती. प्रत्येकापुढं कुठून वळायचं ते. रिपोर्ट चार वाजता मिळणार होता. तोवर पाच हॉटेलं.

पहिलं सीताबर्डीवरचं डोशाचं. पायऱ्या चढून वर गेलो. दारात बाबा क्षणभर थांबले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि आत शिरले. मी त्यांच्यामागे होते, त्यांची मान ताठ झालेली मला दिसली. डोसे आले. खरंच ताटाबाहेर जाणारे, दोन्ही बाजूंनी. आम्ही समोर ठेवून बसलो. आमच्याकडे पंगतीत शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय कोणी पहिला घास घेत नाही. आईनं आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं, तिकडं अजून वाढायचं होतं. बाबांनीही हात आवरला. मला तर काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या टेबलावर वाढून झालं तोवर दारातून आणखी चौघं येऊन बसले. त्यांचं झालं तर कोपऱ्यात तिघं. पंगत काही भरेना. डोसा मऊ पडून ताटात बसला. शेवटी वाढपी काका आले आणि काळजीनं म्हणाले, "बाई, खराब आहे का काही?"

आई म्हणाली, "नाई जी, त्यायचं वाढून होऊ द्या."

काकांना समजायला जरा वेळ लागला. मग ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "इथं ज्याचं त्यानं खावं लागते, बाई." आई लाजली आणि तोंडाला पदर लावून खायला लागली. त्या दिवसात मी हसले ती तेवढीच एकदा.

चहा झाला. बाबा उठले आणि आपला कप-बशी हातात घेऊन इकडंतिकडं पाहायला लागले. नळ शोधत होते. मी पाहत होते, आईही पाहत होती. त्या काकांनी मागून येऊन कप त्यांच्या हातातून काढून घेतला, "राहू द्या भाऊ, ते आमचं काम," आणि कप नेऊन सगळ्यांच्या कपांत टाकला. काचेचा खळकन आवाज झाला. बाबा हात तसाच धरून थोडे उभे राहिले. मला वाटतं, त्या माणसाला आपण काय केलं हे कधीच कळलं नसेल. मी पुढं त्या हॉटेलात कितीतरी वेळा गेले, आणि दर वेळी माझं लक्ष कप उचलणाऱ्याकडे जातं.

दुसरं ठिकाण इतवारीतलं सावजी भोजनालय. लाकडी बाकडी, लाल तर्रीचा तवंग, आणि तिखट एवढं की पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. आईनं दोन घास खाल्ले आणि डोळे पुसले. तिखटानं पुसले की कशानं, ते मला विचारता येईना. बाबा तिच्या ताटात आपल्यातले तुकडे वाढत होते. "घे नं. आणखी घे." तिसरं आइस्क्रीमचं दुकान, तीन रंगांचं आइस्क्रीम. माझ्या वाटीत त्याचं रंगीत पाणी झालं. आई मला पाहत होती. बाबांना पाहत होती. दर हॉटेलागणिक ती गप्प होत गेली. एरवी आईला गप्प करायला दात ओढणारा डॉक्टर लागायचा.

चौथा सदरमधला बार. सायकलरिक्शातून उतरलो तर भर दुपारी त्याच्या दारावर जाड लाल पडदा. बाहेर काळी काच, तिच्यात आम्ही तिघं दिसत होतो. बाबांच्या हातात पिशवी, आईच्या मानेला फडकं, माझ्या दोन वेण्या. रखवालदार स्टुलावर बसून दात कोरत होता. बाबा आईकडे न पाहता म्हणाले, "आतून पाहाचं काय तुले? मी इचारतो त्याले. नुसतं पाहून येऊ म्हणतो."

आई रस्ता ओलांडून समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. आम्ही तिच्यामागं गेलो. तिनं मानेचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं, आणि शांतपणे विचारलं, "काऊन जी, किती दिवस राह्यले माये?"

बाबा म्हणाले, "काय बोलून राह्यलीस?"

"वीस वर्सं झाली लग्नाले. तुमी बाहेरचा चहा कधी पेले नाई. आज मले बारात नेऊन राह्यले. म्या येडी हावो काय?"

मला रडू फुटलं. त्यामुळं बाबांना खोटं बोलायची जागाच उरली नाही. ते तिच्याशेजारी पायरीवर बसले. रस्त्यावर, लोकांसमोर, आईच्या इतक्या जवळ बसलेले बाबा मी तोवर पाहिले नव्हते. "डॉक्टरले शंका हाये," ते म्हणाले. "पक्कं नाई. आज समजन." आईनं एकदा त्या लाल पडद्याकडं पाहिलं. मग पदरानं माझं नाक पुसलं आणि उठली. "आठ दिवस मले खोटं सांगतलं. आता तुमचं काईच खरं वाटनार नाई मले. चला, रिपोट घेऊ. खाऊन खाऊन पोट फुटून राह्यलं."

दवाखान्यात एकालाच आत सोडत होते. आम्ही दोघी बाकावर बसलो. आईनं माझा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता, आणि ती समोरच्या भिंतीवरच्या पाली मोजत होती. बाबा बाहेर आले. हातात लिफाफा. चेहऱ्यावरून काही कळेना, कारण तो चेहरा डेपोतला होता, सागाचं लाकूड मोजतानाचा.

"साधी गाठ होय," ते म्हणाले. "धोका नाई म्हणते. काढून टाकू, झालं."

"खरं?"

"खरं."

"त्या दिसीबी खरंच म्हणत होते."

तिनं लिफाफा घेतला आणि माझ्यापुढं धरला. "वाच वं." सगळा इंग्रजी मजकूर. नववीतल्या माझ्या इंग्रजीला त्यातलं वरचं आईचं नाव आणि खालची सही तेवढी वाचता आली. मी म्हटलं, "चांगला आहे, आई." ती माझ्याकडं, शिळी मच्छी ताजी म्हणून विकणाऱ्या बाईकडं पाहावं तसं पाहत राहिली. बाबा शपथ घ्यायला लागले, तिनं हातानंच थांबवलं. एसटी स्टँडपर्यंत ती आमच्या पुढं पुढं चालत राहिली. तिला कसं पटवावं ते मला कळेना, आणि मला स्वतःलाही बाबांचं खरं वाटावं की नाही ते ठरवता येईना. वाईट बातमी सांगायची नाही म्हणून हा माणूस कुठपर्यंत जातो ते मी दिवसभर पाहिलं होतं.

आमची गाडी लागायला वेळ होता. स्टँडवर बाकडं मिळालं. समोर रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल होतं, बाहेर मोठ्या कढईत दूध उकळत होतं. बाबांच्या कागदावरचं पाचवं ठिकाण तेच. मलई मारलेला चहा, करीमभाईनं त्याखाली रेघ मारायला लावली होती. आईनं ते ओळखलं. तिनं बाबांकडं तिरकं पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "एक राह्यलं नं कागदावरचं? मलईचा चहा. चला, तेबी पाहू."

बाबांनी समोर पाहिलंसुद्धा नाही. ते पिशवीत हात घालून तळाशी काहीतरी चाचपत होते. "कायले तिथी जाचं?" ते कुरकुरत म्हणाले. "त्याची बशी कशी धुतली राह्यते का मालूम. घरी जाऊन पेऊ चहा. तू डबा आणलीस नं? काहाड. नाई तं आंबून जाईन भात."

आई वळून बसली. तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढं झाले, तर ती हसत होती. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत, आवाज न करता हसत होती. बाबांना काही कळलं नाही. त्यांनी डब्याचं फडकं सोडायला घेतलं. आईनं मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "रिपोट खराच चांगला हाये, पोरी. तुया बाबाले हॉटेल नको झालं."

मला तिचं पटलं. तिथं त्या बाकड्यावर मला सपाटून भूक लागली. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. पुढं आईची गाठ काढली, तिची खूण म्हणून मानेवर एक बारीक रेघ राहिली, आणि त्या रेघेसकट ती बत्तीस वर्षं जगली. बारात मच्छीचा काटा कसा दिसतो ते तिला शेवटपर्यंत समजलं नाही. मी नेते म्हणायची तर ती म्हणायची, "नको माय, मले कोणी बारात नेतो म्हटलं का भेव वाटते."

डब्यात पहाटेचा भात, लाखोळीचे वडे आणि झिंग्यांची चटणी होती. थंडीचे दिवस, भात चांगला होता. शेजारी बसलेल्या बाईनं झिंग्यांच्या वासानं नाकाला पदर लावला, तर आईनं तिलाही एक वडा दिला. मग बाबांना वाढलं, मला वाढलं, स्वतःला घेतलं. आजूबाजूला कोणाचं वाढायचं राहिलं नाही ना ते एकदा पाहिलं, आणि पहिला घास घेतला.